वाचकांचे प्रश्न : घरचं बी, किराळ आणि पहिला चीक

या महिन्याच्या टपालात एक गोष्ट सारखी दिसली. प्रश्न बियाण्याचा असो की व्यायला आलेल्या म्हशीचा, पत्राच्या शेवटी बहुतेकांनी विचारलंय, 'घरातली जुनी माणसं असं सांगतात, ते धरावं की सोडावं?' माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत झाली आणि सासरचं रान मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मी रोज ऐकत आले. माझं मत सरळ आहे. जुन्या रीतीमागचं कारण शोधायचं. कारण हाती लागलं की ती रीत कुठं चालते आणि कुठं थांबायचं, हे कळतं. आणि जनावराच्या जिवाशी गाठ असेल, तिथं नुसतं 'पूर्वीपासून करतात' एवढ्यावर विसंबायचं नाही.

प्रश्न : आमचं भारी रान आहे. आई दरवर्षी उभ्या ज्वारीतली कणसं निवडून बी ठेवायची. ती गेली आणि आम्ही दुकानातली पिशवी आणायला लागलो. यंदा पुन्हा घरचं बी करायचं मनात आहे. दुकानदार म्हणतो घरच्या बियाण्याला उतार (उत्पादन) पडत नाही. सुरुवात कुठून करू? — एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

दादा, आधी दुकानदाराचं बघू. संकरित बी असेल तर त्याचं खरं आहे. ते घरी धरलं की पुढच्या वर्षी रानात उंच-ठेंगणी अशी सरमिसळ दिसते आणि उतारही घटतो. पण आपल्या रब्बीच्या मालदांडीचं तसं नाही. मालदांडी ३५-१ ही जात शेतकऱ्यांच्याच जुन्या मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडून काढलेली आहे. निवड हेच तिचं मूळ. तुमची आई रानात जे करत होती, तेच काम तिथं काटेकोरपणे आणि नोंदी ठेवून झालं. ज्वारीचं कणीस बहुतांशी स्वतःच्याच परागावर भरतं, म्हणून सरळ जातीचं बी घरी धरता येतं. थोडं परपरागीकरण होतं, तेवढ्यासाठी शेजाऱ्याची दुसरी जात असेल त्या बांधाकडची कणसं घ्यायची नाहीत.

निवड मात्र खळ्यावर करू नका. तिथं फक्त कणीस दिसतं, ताट दिसत नाही. आमच्या सासूबाई दाणा टणक झाला की काढणीआधी रानातून हिंडायच्या. हातात जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मोठं कणीस दिसलं म्हणून लगेच चिंधी बांधायच्या नाहीत. आधी खाली वाकून बुडाजवळचं दुसरं-तिसरं कांडं अंगठ्यानं दाबायच्या. कांडं भरीव लागलं तर वर बघायचं, पोकळ लागलं तर पुढं चालायचं. मला तेव्हा कळायचं नाही. पुढं लक्षात आलं की त्या खडखड्या तपासत होत्या. दाणा भरायच्या वेळी ओल तुटली की हा रोग ताटाचं बूड आतून पोकळ करतो आणि वरून धडधाकट दिसणारं पीक आडवं होतं. ओल तुटलेल्या रानातसुद्धा ज्या ताटाचं बूड भरीव राहिलं, त्याचं बी धरायचं, हा त्यांचा हिशोब. कोरडवाहू ज्वारीसाठी याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

बांधाकडेचं, उकिरड्याच्या जागेवरचं आणि विरळ जागी वाढलेलं ताट त्या सोडून द्यायच्या. तिथं कणीस मोठं होतं ते जागेमुळं. रानाच्या मध्यावर, दाट पिकात, चारी बाजूंनी ताटं असताना जे चांगलं भरलं, ते खरं. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की दाणा पक्व झाला असं धरा. काणीची, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली कणसं वेगळी काढून जाळून टाका. ती बियाण्याच्या आसपाससुद्धा नकोत.

एकराला चारेक किलो बी लागतं. कणीस चांगलं भरलेलं असेल तर शंभरेक कणसांत ते निघतं. हाताशी असावं म्हणून दीडशे धरा. उन्हात चांगली वाळवा. मळणी यंत्रात घालू नका, दाण्याला इजा होऊन उगवण घटते. पोत्यावर ठेवून काठीनं हलकं बडवा. दाणा दाताखाली कटकन फुटला तर वाळला. दबला तर अजून ऊन द्या.

पूर्वी ही कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुरानं दाणा कोरडा राही आणि किडा फिरकत नसे. आता घरात गॅस आहे, धूर नाही. नुसती कणसं टांगून ठेवलीत तर सोंडे लागतील. म्हणून बी कोरड्या डब्यात किंवा कणगीत ठेवा. कडूनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून घाला. हिरवा पाला ओल सोडतो आणि बुरशी येते. हरभरा-तुरीच्या बियाण्यात गोवऱ्यांची चाळलेली राख मिसळायची रीत चांगली आहे. राखेची बारीक पूड दाण्यांमधल्या फटी भरते, किड्याला हिंडायला जागा राहत नाही आणि त्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडलं गेल्यानं तो वाळून मरतो. डाळीच्या दाण्याला एरंडेल चोळायची रीतही अशीच कारणाची आहे, भुंग्याची अंडी त्या तेलाखाली जगत नाहीत.

पेरणीआधी दोन गोष्टी चुकवू नका. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा आणि किती उगवले ते मोजा. पंच्याहत्तरच्या खाली असतील तर बी बदला. आणि ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम चोळा. काणी येते ती दाण्याला चिकटून आलेल्या बुरशीतून, तिला राखेनं किंवा निंबानं रोखता येत नाही. इथं जुन्याचा हट्ट नको.

पहिल्या वर्षी सगळं रान घरच्या बियाण्यावर लावू नका. निम्म्यावर लावा, निम्म्यावर नेहमीचं. हलक्या-मुरमाड तुकड्यात मालदांडी ताणू नका, तिथं फुले अनुराधा किंवा फुले माऊली बरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते इथल्या काळ्या मातीच्या जोरावर. ती माती जिथं नाही, तिथं तिचा उतार मागून उपयोग नाही.

जाता जाता. शेजारी बी मागतील. द्यायला, बदलायला, विकायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला तो हक्क दिला आहे. फक्त छापील नाव लावून, पिशवी बांधून ब्रँडचं बी म्हणून विकता येत नाही.

प्रश्न : जुलैत पाऊस ओढला. कडवळ (वैरणीची ज्वारी) गुडघ्याएवढं होऊन थांबलं. नंतर एक सर आली, त्याला हिरवे पोंगे फुटले आणि आमची गाय दावं तोडून त्यात शिरली. तासाभरात थरथरत पडली, डॉक्टर येईस्तोवर गेली. आजोबा म्हणाले किराळ लागली. किराळ म्हणजे नेमकं काय? दुसरी गाय आहे, तिला काय जपू? — एक वाचक, दक्षिण सोलापूर

गाय गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आजोबांनी बरोबर ओळखलं. किराळ म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, आणि तुम्ही लिहिलेल्या तीन ओळींत तिची सगळी कारणं आहेत: कोवळी ज्वारी, पाण्याचा ताण आणि ताणानंतरचा नवा पोंगा.

ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरीन नावाचा पदार्थ असतो. पान चघळलं, चिरडलं, गाईच्या पोटातल्या जिवाणूंशी गाठ पडली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. ते रक्तात गेलं की पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण तो वापरला जात नाही. म्हणून अशा जनावराच्या डोळ्याची आणि तोंडाची आतली त्वचा सुरुवातीला लालभडक दिसते. दम लागतो, लाळ गळते, अंग थरथरतं, जनावर कोसळतं. कधी काही मिनिटांत, कधी तासा-दोन तासांत संपतं. रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त, कारण पोटातले जिवाणू विष लवकर मोकळं करतात.

पाण्याच्या ताणानं वाढ खुंटली की धुरीन साठतं. कापलेल्या खोडव्याला फुटलेले पोंगे तसेच. भरपूर युरिया टाकलेलं कडवळ आणखी वाईट. पीक पोटरीत आलं की धोका कमी होत जातो आणि फुलोऱ्यानंतर बहुतेक टळतो. 'निसवल्याशिवाय (कणीस बाहेर पडल्याशिवाय) दावणीला टाकू नये' हे जुनं वळण म्हणूनच आहे. बाटूक, म्हणजे कोवळी हिरवी ज्वारी, कापून एक-दोन दिवस उन्हात सुकवून, कडब्यात मिसळून घालायची रीतही याच कारणाची. सुकताना बरंच विष उडून जातं. वाळलेल्या कडब्याची त्यामुळं भीती नाही.

तुमच्या दुसऱ्या गाईसाठी एवढं करा. पावसानं ओढ दिली असेल त्या वर्षी कडवळाच्या बाजूचं दावं दुहेरी करा, दाव्याचा पीळ रोज बघा. जनावर उपाशीपोटी कधीच हिरव्यात सोडू नका, आधी कडब्याची पेंढी पुढं टाका. ताणानंतर सर आली की पुढचे दोनेक आठवडे त्या तुकड्याकडं फिरकू देऊ नका. रब्बीची ज्वारी आपण उपटून काढतो, कापत नाही, त्यामुळं मागं फुटवा राहत नाही हाही एक फायदाच. यंत्रानं कापून घेतलीत आणि अवकाळी पाऊस झाला तर त्या धसकटांना फुटलेल्या पोंग्यांवर नजर ठेवा. ही गोष्ट आजोबांच्या काळात नव्हती, म्हणून त्यांच्या सांगण्यात ती येणार नाही.

आणि लागलीच तर? गुळाचं पाणी, ताक, हे सगळं लोक पाजतात. पडलेल्या, धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं हातची जातात. यावर उतारा शिरेतून द्यायच्या इंजेक्शनचा आहे, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट. वेळेत मिळालं तर कोसळलेली गाय उठून उभी राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून पहिलं काम फोन. गावचे डॉक्टर किंवा १९६२ क्रमांक. फोनवर 'गाय आजारी आहे' असं नुसतं सांगू नका. 'कोवळी ज्वारी खाल्ली, किराळ लागली' असं सांगा. डॉक्टर तेच औषध घेऊन निघतील.

प्रश्न : माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली. घरात पंढरपुरी म्हैस आहे, आता व्यायला आलीय. मागच्या खेपेला सासूबाईंनी वार (व्यायल्यावर बाहेर पडणारं गर्भाचं वेष्टन) पडेपर्यंत रेडकाला चीक (व्यायल्यावरचं पहिलं दूध) पाजू दिला नाही. रेडकू आठव्या दिवशी हगवणीनं गेलं. मी काही बोलले तर घरात वाद होतो. काय करू? — एक सून, सांगोला तालुका

ताई, सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांना त्यांच्या सासूनं हेच शिकवलं. पण या बाबतीत मी अगदी ठाम आहे. वार पडायची वाट बघू नका.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडी रोगप्रतिकारशक्ती मिळते. गाई-म्हशींच्या वारेतून ती पिलाला जात नाही. रेडकू जन्मतं ते या बाबतीत कोरं. त्याला जे मिळायचं ते पहिल्या चिकातूनच, आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासानं घटत एका दिवसात जवळपास बंद होते. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत कास धुऊन चीक पाजायचा. पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे पंचवीस-तीस किलोच्या रेडकाला अडीच-तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. रेडकाला उभं राहता येत नसेल तर पिळून बाटलीनं द्या. खरवस त्यानंतर उरलेल्या चिकाचा.

आता सासूबाईंना सांगायचं कसं? त्यांची काळजी खरी आहे, वार अडकू नये. तर त्यांना हे सांगा: रेडकू आचळाला लागलं की म्हशीच्या अंगात पान्ह्याचा जो संप्रेरक सुटतो, तोच गर्भाशय आवळतो आणि वार पडायला मदत करतो. म्हणजे चीक पाजल्यानं वार अडत नाही, उलट सुटते. त्यांचा हेतू आणि तुमची कृती एकाच दिशेची आहे. मी गोठ्यात उभी राहून असं सांगितलं की बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी ते मानलं आहे.

सासूबाईंच्या ज्या गोष्टी चालू ठेवाव्यात त्याही सांगते. व्यायल्यावर बाजरीच्या गरम घुगऱ्या, गूळ, बाळंतशेपा, ओवा हे द्या. थकलेल्या जनावराला त्यातून लगेच ताकद मिळते आणि ते आवडीनं खातं. लोंबती वार ओढू नका, तिला दगड किंवा पायताण बांधू नका. आत जखम होते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. नाळेवर शेण-राख लावायची पद्धत बंद करा, तिथं टिंक्चर आयोडीन. आठव्या दिवसाची हगवण बरेचदा नाळेतून आणि न मिळालेल्या चिकातून येते.

हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलंत तरी चालेल.

प्रश्न : माझ्या बैलजोडीचा खर्च परवडेना म्हणून विकली. आता कोळपणीही होत नाही, तणनाशक मारतो. वडील म्हणतात ज्वारी वाळणार. तण नसेल तर कोळपायचं कशाला? — मोहोळ तालुका

वडील तणाबद्दल बोलत नाहीत, ओलीबद्दल बोलत आहेत. 'दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी' असं आपल्याकडं म्हणतात ते रब्बीच्या कोरडवाहू पिकाला धरून. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ नसतो; मातीत जी ओल आहे तिच्यावरच माघ-फाल्गुनापर्यंत पीक काढायचं असतं. काळी माती वाळली की आकसते आणि भेगाळते. त्या भेगांतून खालची ओल उडते, मुळंही तुटतात. कोळपल्यानं वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत होतो आणि खालच्या ओलीवर झाकण बसतं.

विद्यापीठाची शिफारसही तीन कोळपण्यांची आहे: तिसऱ्या आठवड्यात, पाचव्यात आणि आठव्यात. शेवटची दातेरी कोळप्यानं, कारण तोवर भेगा पडलेल्या असतात आणि दात्यांनी माती ओढून त्या बुजवायच्या असतात. ही तिसरी कोळपणी तण असो वा नसो, करायचीच. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि ओल जिरवणं, ओल टिकवणं हाच त्याचा गाभा राहिला आहे. बैल नाहीत तर हातानं ढकलायचं सायकल कोळपं घ्या, किंवा गावात ज्याची जोडी आहे त्याला दिवसाच्या बोलीनं सांगा. तणनाशक तण मारतं, भेग बुजवत नाही.

प्रश्न : धनगर मेंढ्या बसवायला विचारतात. एका रात्रीचे पैसे आणि वर धान्य मागतात. त्यापेक्षा खताची पोती परवडतील का? — माळशिरस तालुका

नुसता नत्राचा हिशोब केलात तर पोतं स्वस्त दिसेल. पण आपल्या रानाला उणीव आहे ती सेंद्रिय कर्बाची, आणि ते पोत्यात नाही. मेंढ्या बसवल्यानं लेंडी मिळतेच, शिवाय मूत जागेवर मुरतं. उकिरड्याच्या खतात ते कधीच येत नाही. धनगर वाघर (जाळ्याचं कुंपण) लावून कळप कोंडतात आणि रोज वाघर पुढच्या तुकड्यावर सरकवतात, त्यामुळं खत सगळीकडं सारखं पडतं. ते पसरायला मजूर लागत नाही.

दोन पथ्यं. उन्हाळ्यात बसवा आणि कळप हलला की लगेच हलका कुळव फिरवा, नाहीतर मुतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आणि कळप आधी कुठं चरला ते विचारा. वेडी बाभळीच्या शेंगा मेंढ्या आवडीनं खातात, बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि तुमच्या रानात उगवतं. तसं असेल तर कळपाला दोन-तीन दिवस दुसरीकडं चारून मग बोलवा. धनगरांना हे सांगावं लागत नाही, विचारलं की ते खरं सांगतात. पैसे देताना घासाघीस करू नका. उन्हातान्हात बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी माणसं आहेत ती.

प्रश्न : सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या भाकणुकीवरून पेरणी ठरवावी का? — सोलापूर

संक्रांतीच्या यात्रेला मी लहानपणापासून जाते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू, त्याच्यासमोर मांडलेलं धान्य आणि वैरण, आणि ते कशाला तोंड लावतं याकडं श्वास रोखून बघणारी माणसं. हा आपला श्रद्धेचा भाग आहे आणि तो मनापासून जपावा. चाडं हातात घ्यायचं ते मात्र मातीची ओल बघून. खरिपाला पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मूठभर माती दाबून गोळा होतो आणि टाकल्यावर फुटतो, तो वापसा.

नक्षत्रांची गोष्ट वेगळी. ती सूर्याच्या गतीवर बांधलेली आहेत, त्यामुळं दरवर्षी त्याच तारखांना येतात. उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास लागतं, हस्त २६-२७ ला, आणि हस्त संपतं ते १० ऑक्टोबरच्या सुमारास. विद्यापीठ रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर सांगतं. म्हाताऱ्यांची 'उत्तरा-हस्ताची पेरणी' आणि ही तारीख एकच आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावर मात्र बी खर्ची घालू नका.

प्रश्न : गाईला दगडी (कासेची सूज) झालीय. कोरफडीचा लेप खरंच लागू पडतो का? — बार्शी तालुका

सुरुवातीलाच केला तर पुष्कळदा पडतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही हा लेप सुचवतं: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटून. कास धुऊन, दूध पूर्ण पिळून काढून, थोडा लेप पाण्यात सैल करून दिवसातून आठ-दहा वेळा लावा, पाच दिवस. पिळलेलं दूध जमिनीवर सांडू नका, रोग पसरतो. गाईला ताप असेल, तिनं वैरण सोडली असेल किंवा दुधात रक्त दिसलं तर लेपावर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : मी कृषी पदविकेला आहे. आजोबांना बैलांची आणि वनस्पतींची खूप माहिती आहे. ती लिहून ठेवायची आहे. कशी लिहू? — एक विद्यार्थी, अक्कलकोट तालुका

बाळा, या महिन्याचं सगळ्यात आवडलेलं पत्र तुझं. लगेच सुरू कर.

'आजोबा, तुम्हाला काय काय माहीत आहे?' असं विचारू नकोस, कुणालाच उत्तर देता येणार नाही. त्यांच्याबरोबर गोठ्यात जा, रानात जा, आणि समोर जे दिसेल त्यावर विचार. सांगोल्याच्या बाजारात जा त्यांच्याबरोबर. खिल्लार खोंडाचा जबडा उघडून ते 'आदत', 'दोनदाती', 'चौसा', 'जुळलेला' असं सांगतील, तेव्हा दात कसे दिसत होते ते लिही. खांदा, खूर, चाल, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे, काय काय बघतात ते क्रमानं लिही. त्यातलं खूर आणि चाल बघणं कामाच्या ताकदीशी थेट जोडलेलं आहे. भोवऱ्यांचं शुभाशुभ तसं नाही. पण तू गाळू नकोस, दोन्ही लिही. निवड नंतर करता येते, न लिहिलेलं मात्र परत मिळत नाही.

औषधाची नोंद करताना पाच गोष्टी सुटू देऊ नकोस: वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढलेला, किती, कशात मिसळून, आणि कोणत्या जनावराला द्यायचं नाही. शेवटची गोष्ट लोक आपणहून सांगत नाहीत, ती मुद्दाम विचार. गाभण जनावराला चालतं का, हे तर प्रत्येक औषधाला विचारायचं. 'लागू पडलं नाही असं कधी झालं का?' हेही विचार. आजोबांना याचा राग येणार नाही; ज्याला खरं माहीत असतं तो अपयशही सांगतो.

त्यांच्याच बोलीत लिही. तुमच्याकडं कन्नड मिसळलेली बोली आहे, ते शब्द प्रमाण मराठीत बदलू नकोस. वनस्पतीचं नाव लिहिलंस की तिची एक फांदी, पान-फूल-फळासह, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळव आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखव. वरवर सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत एक औषधी आणि दुसरी विषारी निघू शकते, म्हणून ही पायरी चुकवायची नाही.

आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचार. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती घाईनं भरलेली असते, शेजारच्या गावाची उतरवलेलीसुद्धा. तुमच्या गावची उघडून बघ. त्यात काय नाही त्याची यादी कर, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज दे आणि आजोबांच्या नोंदी त्यांच्या नावासह त्यात चढवून घे. जे आजोबांना बाहेर सांगायचं नसेल, ते मात्र त्यांना विचारून वहीत वेगळं ठेव. पहिली वही भरली की तिची झेरॉक्स मला पाठव, दात आणि खुरांच्या नोंदी मी तपासून देईन.